वाकडं अंगण

३ फेब्रुवारी

ताई,

साष्टांग नमस्कार असं लिहायला घेतलं आणि थांबलो. कंबर अशी धरली आहे की साष्टांग घातला तर उचलायला दोन माणसं बोलवावी लागतील. तेव्हा साधा नमस्कार गोड मानून घे.

पाकिटावरचं अक्षर बघून तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असणार. कोणी गेलेलं नाही. आजारी म्हणशील तर वयाला शोभेल इतपत सगळेच आहोत. माझं एक काम आहे आणि ते पहिल्याच पानावर सांगून टाकतो, कारण तू दुसरं पान उलटशील याची मला खात्री नाही.

'रंग ओला आहे' पुन्हा निघतोय. आपला अल्बम, 'तिसरी पाळी'चा. हल्लीच्या मुलांना म्हणे आपला तो काळ आवडायला लागला आहे. रुंद खांद्यांचे कोट घालून, कोणी हसायचं नाही असा नियम करून, आपण चौघं ताठ उभे राहायचो आणि स्वतःला न्यू वेव्ह म्हणवून घ्यायचो, त्याचं या मुलांना कौतुक आहे. नव्याने रंगवलेल्या बाकावर आपण बसलोय तो मुखपृष्ठाचा फोटो ती शर्टावर छापून फिरतात. माझ्या क्लासमधल्या एका मुलीच्या अंगावर मी तो पाहिला. तिला म्हटलं, यातला डावीकडचा मी. तिने फोटोकडे पाहिलं, माझ्या पोटाकडे पाहिलं आणि 'हो का सर' म्हणाली.

तर मूळ टेप कंपनीच्या तळघरात सापडली आहे, आणि जुन्या करारानुसार चौघांचा होकार असल्याशिवाय कंपनीला तिला हात लावता येत नाही. उंटाने होकार दिला. (तुमचं लग्न मोडल्यावर त्यांना भावजी म्हणायचं की नाही हे मला कधीच ठरवता आलं नाही, म्हणून बाकीचं जग गिटारवाल्याला जे म्हणतं तेच मी म्हणतो.) मुनीने नुसती मान हलवली. तो बेस वाजवतानाही बोलायचा नाही, आता फ्रिज दुरुस्त करतानाही बोलत नाही. त्याची मान हलली म्हणजे भरपूर झालं. माझा होकार आहेच. आता तुझाच तेवढा राहिला.

मला हा अल्बम निघायला हवाय, ताई. खोटं कशाला बोलू? हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत मी मुलांना कीबोर्ड शिकवतो. खाली पत्रा कापतात आणि वर आम्ही सरगम घेतो. एकच धून मी इतक्या मुलांकडून इतक्या वेळा चुकताना ऐकली आहे की ती बरोबर कशी वाजते हे माझं मलाच आठवेनासं झालंय. दमलोय मी. आयुष्यात एक चांगली गोष्ट केली होती, ती लोकांच्या हातात पुन्हा गेलेली बघावी आणि मग खुशाल निवृत्त व्हावं, एवढंच मनात आहे.

शेवटच्या दौऱ्यातलं मनात धरून बसली असशील तर सोडून दे. तुझा आवाज फाटला, तू माईक खाली ठेवलास आणि गाणं अर्धं टाकून उतरलीस, हे आता कोणाच्या लक्षातही नाही. मी तर कधीच माफ केलंय. गळाच तो, कधीतरी दगा देणार. त्यानंतर बँड बसला तो बसला, पण त्याचा दोष मी तुला दिला नाही. सुरुवातीला दिला असेल, तोही मनातल्या मनात.

तेव्हा एक 'हो' लिहून पाठव. जास्त काही लिहायची सक्ती नाही.

तुझा,
बारक्या (आता फक्त नावाचा)


२० फेब्रुवारी

ताई,

पोस्टकार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कोऱ्या जागेत 'नको' हा एकच शब्द, तोही मधोमध. पुढच्या बाजूला तुझ्या पोहण्याच्या तलावाचा फोटो. त्यात पाणी आहे, माणूस एकही नाही. सक्ती नाही असं मीच लिहिलं होतं, त्यामुळे तक्रार कुठे करू? तुझ्या भावजयीने कार्ड वाचलं आणि म्हणाली, निदान अक्षर तरी अजून सुरेख आहे.

मी रागावून आठवडाभर गप्प बसलो. तू रागावलीस की घर सोडतेस, मी रागावलो की फक्त चहा सोडतो, आणि तोही संध्याकाळपर्यंत. पण आता लिहायलाच हवं असं काही घडलं आहे. नीट बसून वाच.

टेपचं काम कंपनीने एका मुलीला दिलंय. मुलगी चाळिशीची असेल, पण आपल्याहून लहान त्या सगळ्या आता मुलीच. जुन्या टेपला चिकटा सुटतो, वाजवायला गेलं तर तिच्यावरचा थर यंत्राला लागून खरवडून निघतो. म्हणून ती आधी मंद आचेच्या भट्टीत ठेवून सुकवतात. आपला अल्बम भाजून काढला, म्हण ना. मग ती वाजवून बघितल्यावर त्या मुलीने मला बोलावून घेतलं आणि विचारलं, "सर, तुमच्या स्टुडिओत दिव्याची गुणगुण यायची का?"

यायची की. तुलाही आठवत असेल, छतातली ती लांब नळी, जी बंद केली तर कोणाला काही दिसायचं नाही आणि चालू ठेवली तर रेकॉर्डिंगवाला डोक्याला हात लावायचा. त्या मुलीने दोन गाण्यांमधली शांतता मोठ्या आवाजात लावली आणि त्यात ती गुणगुण होती. इतक्या वर्षांनी तो दिवा ऐकून मला भरून आलं. ती म्हणाली, भावुक होऊ नका, सूर ऐका. विजेची गुणगुण सगळीकडे एकाच सुरात असते, या खोलीतल्या दिव्याची असो की तुमच्या तेव्हाच्या. मग तिने भिंतीवरच्या दिव्याचा आवाज पकडून शेजारी लावला. टेपवरची गुणगुण वर होती. चांगली एक पट्टी वर.

तिने मला समजावलं तसंच तुला समजावतो. गाणी तयार झाल्यावर ज्या शेवटच्या यंत्रावर ती उतरवली, त्या यंत्राची मोटर थकलेली होती आणि ते हळू फिरत होतं. उतरवलंही त्याच्यावर, ऐकलंही त्याच्यावरच, त्यामुळे स्टुडिओत आपल्याला काहीच कळलं नाही. पुढे ती टेप रेकॉर्ड छापणाऱ्यांकडे गेली. त्यांचं यंत्र धडधाकट होतं. तिथे सगळं भरभर वाजलं आणि वर चढलं. तू काळी चारमध्ये गायलीस आणि जगाने ऐकलं पांढरी सहामध्ये. रेकॉर्डवरचा आवाज तुझाच आहे, पण घाईत आहे.

आणि मग दौरा. तालाचं यंत्र आणि बाकीचे जादाचे सूर आपण रेकॉर्डशी जुळवूनच वेगळ्या टेपवर घेतले होते, लोकांना हुबेहूब तेच ऐकू यावं म्हणून. त्या टेपशी सगळे जुळवून घ्यायचो. उंट तारा ताणायचा, मुनी ताणायचा, मी कीबोर्डचं बटण जरा फिरवायचो. तुझ्या गळ्याला फिरवायला काही नव्हतं. एक पट्टी म्हणजे काय मोठंसं, असं न गाणाऱ्याला वाटेल. पण जिन्यात एक पायरी जास्त निघाली की माणूस तोंडावर आपटतो, आणि तुला तर रोज संध्याकाळी तोच जिना चढायचा होता.

मी घरी यायला निघालो आणि थांब्यावर नुसता बसून राहिलो. बस आली, गेली. दुसरीही सोडली. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. पण घोडं आलंय, ताई.

बारक्या


६ मार्च

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं धरून मी रोज पेटी उघडतो आणि फर्निचरच्या दुकानाच्या जाहिराती घेऊन वर येतो.

परवा आम्ही तिघं त्या मुलीच्या खोलीत जमलो. इतक्या वर्षांनी एका खोलीत तिघं, आणि पहिली पाच मिनिटं विषय कोणता, तर गुडघे. उंट अजून तसाच उंच आहे, फक्त वरून वाकलाय. केस काळे करतो आणि आम्ही ते बघत नाही असं समजतो. मुनी हत्यारांची पेटी घेऊनच आला, कारण पुढे त्याला कुठेतरी फ्रिज बघायला जायचं होतं. कंपनीची बाईही होती. नम्र आहे, प्रत्येक वाक्याच्या शेवटी आमची परवानगी घेते.

मुलीने टेप खऱ्या वेगाने लावली.

काय सांगू तुला? मी लिहून बघितलं आणि दोनदा कागद फाडला. हे तिसऱ्यांदा लिहितोय असं समज. रेकॉर्डवर जी मुलगी गाते ती शाळेतून पळून आलेली वाटते, चुणचुणीत, थोडी आगाऊ. लोक तिच्यावरच भाळले. परवा जी गायली ती बाई होती. रात्रभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून परक्या माणसांची बोलणी जोडून दिलेली, सकाळी चपला हातात घेऊन जिना चढणारी, घरचे उठू नयेत म्हणून. तू तेव्हा खरंच तिसऱ्या पाळीत काम करत होतीस आणि आपल्या बँडचं नाव त्यावरूनच पडलं, हे मला इतक्या वर्षांत आठवलंसुद्धा नव्हतं. 'बाकावर बसू नका, रंग ओला आहे' ही ओळ आपण गंमत म्हणून लिहिली होती ना? ती गंमत नाहीच. कुठे टेकायलाही जागा नाही, असं ती बाई म्हणतेय. मला रडू आलं. मुनी हत्यारांच्या पेटीचं झाकण उघडझाप करत बसला.

उंटाने डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "लोकांना ती पोरगी हवी आहे. ही बाई कोणाला हवी आहे?"

तुला हे कळवू नये असं तुझी भावजय म्हणाली, पण मी कळवतोय. कंपनीच्या बाईचंही मत, सौम्य शब्दांत, तेच पडलं. लोकांच्या कानात जे बसलंय तेच त्यांना विकत घ्यायचं असतं. तेव्हा अल्बम जुन्याच वेगाने निघणार. पण मी भांडलो, ताई. भांडून एवढं पदरात पाडून घेतलं की शेवटी एक गाणं खऱ्या वेगाने जादाचं टाकायचं. 'रंग ओला आहे' हेच. तुझ्या खऱ्या आवाजात. जगाला कळेल.

आणि मुख्य म्हणजे तुला कळेल. तू बेसूर नव्हतीस, ताई. तुझा गळा गेला नव्हता. आयुष्यभर तू ते ओझं घेऊन लांब जाऊन राहिलीस, गाणं टाकून पोरांना पोहायला शिकवत बसलीस, आणि त्यात तुझी काही चूक नव्हती. हे तुला सांगायला मीच मिळालो याचा मला किती आनंद झालाय म्हणून सांगू.

आता तरी हो म्हण. कंपनीला महिन्याअखेर हवं आहे.

बारक्या


१९ मार्च

बारक्या,

तिन्ही पत्रं मिळाली. चांगलं लिहितोस. ऐकायला शिकलास तर आणखी चांगलं लिहिशील.

मी बेसूर नव्हते असं तू मला कळवतोस. मला ते माहीत होतं. मला कधीच शंका नव्हती. एक्स्चेंजमध्ये रात्रभर कानाला यंत्र लावून मी माझाच आवाज ऐकत बसायचे. तो मला ओळखू येणार नाही?

रेकॉर्ड पहिल्यांदा कंपनीच्या ऑफिसात वाजली. पहिलं गाणं अर्धं झालं नाही तोच मी म्हटलं, हे पळतंय, हा माझा आवाज नाही, मशीन तपासा. तिथला साहेब म्हणाला, प्रत्येक गायिकेला स्वतःचा आवाज परका वाटतो. तू म्हणालास, ताई, किती तरुण वाटतेस, खूश हो की. हे तुझ्या एकाही पत्रात नाही. मुद्दाम गाळलंस असं मी म्हणत नाही. तुला ते आठवणीत ठेवण्याजोगं वाटलं नसेल.

दौऱ्यात मी रोज सांगत होते की टेप हळू करा. एकदा जेवायच्या टेबलावर सगळ्यांसमोर उंट म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडं. सगळे हसले. तू हसलास. मुनी हसला नाही, पण तो एरवीही हसत नाही.

आता त्या संध्याकाळचं. माझा आवाज फाटला नव्हता, बारक्या. दुसऱ्या कडव्याला मी मुद्दाम खाली उतरले, माझ्या पट्टीत. तुम्ही तिघं आणि ती टेप वर, मी एकटी खाली. कसं भयंकर ऐकू येत होतं ते मला तुझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मला वाटलं, तिघांतला एक तरी माझ्याबरोबर खाली येईल. मग टेप बंद करावीच लागली असती. मी एक अख्खं कडवं वाट पाहिली. लोक ओरडायला लागले. उंट माझ्याकडे बघून आणखी जोरात वाजवायला लागला. तू कीबोर्डवरून मानही वर केली नाहीस. मग मी माईक ठेवला.

नंतर तू खोलीवर आलास. हातात गरम पाणी आणि मीठ. गुळण्या कर ताई, बरं वाटेल. तुझं तोंड इतकं काळजीचं होतं की मला तुझ्यावर धड चिडताही आलं नाही. सकाळी मी निघाले ती उंटामुळे निघाले असं सगळे समजतात. नवऱ्याची मला सवय झाली होती. मी तुझ्या त्या पाण्यामुळे निघाले.

इथे मी चांगली आहे. ओझंबिझं काही वाहत नाही. मुलं पाण्यात घाबरली की खरं बोलतात आणि मी त्यांचं ऐकते. एवढंच माझं काम आहे.

'नको' का म्हटलं ते तुला कळलं नाही, म्हणून लिहिते. तू माझ्याकडे होकार मागितलास आणि त्याच पत्रात मला माफ करून टाकलंस. कशाची माफी देतोस रे मला?

आणि माझा खरा आवाज तुम्ही शेवटी जादाचा म्हणून टाकणार. भाजी घेतल्यावर वर कोथिंबीर टाकतात तसा.

ताई


२ एप्रिल

ताई,

तुझं पत्र मी घरात वाचलं, मग क्लासमध्ये वाचलं, मग खाली हार्डवेअरच्या दुकानात कोपऱ्यात उभं राहून वाचलं, कारण वर मुलं होती. दुकानदाराने विचारलं, काय हवंय? मी म्हटलं, काही नाही, बसायला स्टूल असलं तर द्या.

मला आठवत नाही असं लिहिणार होतो. आठवतं. हसलो होतो.

पत्र घेऊन मी मुनीकडे गेलो. का, ते विचारू नकोस. उंटाकडे जाण्यात अर्थ नव्हता आणि आणखी कोणी त्या संध्याकाळी तिथे नव्हतं. तो कोणाच्या तरी स्वयंपाकघरात फ्रिजमागे पालथा पडला होता. मी त्याला तुझं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं, त्या घरची बाई मोरीशी भांडी घासत असताना. तो बाहेर आला, हात पुसले. म्हणाला, "अंगण वाकडं होतं. मला माहीत होतं."

मी म्हटलं, म्हणजे?

म्हणाला, जाड तारांना खोटी पट्टी सोसत नाही, त्या बोटांना सांगतात. शिवाय तू खाली उतरलीस ते त्याला त्याच क्षणी कळलं होतं. चुकून नाही, मुद्दाम उतरलीस, हेसुद्धा कळलं. त्याला फक्त एक घर खाली सरकायचं होतं. बेसवर एक घर म्हणजे दोन बोटांचं अंतर. मी विचारलं, मग सरकला का नाहीस?

"तुझ्याकडे बघत होतो," तो म्हणाला. "म्हटलं, सख्खा भाऊ आहे, आधी तो सरकेल."

त्या बाईने नळ बंद केला. आम्ही दोघं तिथे म्हाताऱ्या गाढवांसारखे उभे. मग त्याने मला चहा करून दिला, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात, दुसऱ्याच्या दुधाचा, आणि पुन्हा फ्रिजमागे गेला. त्याला जितकं बोलायचं होतं ते बोलून झालं होतं. मला राग यायला हवा होता, पण कोणावर काढू? तो निदान माझ्याकडे बघत तरी होता. मी बटणांकडे बघत होतो.

दुसऱ्या दिवशी कंपनीत गेलो. बाईला म्हटलं, अल्बम काढायचा तर खऱ्या वेगाने काढा, सगळाच्या सगळा. आणि गायिकेने हे पहिल्याच दिवशी ऑफिसात सांगितलं होतं, आम्ही ऐकलं नाही, हे वर छापा. नाहीतर माझाही होकार परत घेतोय. ती आधी समजली मी गंमत करतोय. मग विचारलं, तुमच्या बहिणीने अशी अट घातली आहे का? मी म्हटलं, तिने काहीही मागितलेलं नाही. मागून दमली ती.

बाईने वरच्यांना विचारलं. त्यांनी नको म्हटलं. रांगेत दुसरे पुष्कळ जुने अल्बम आहेत आणि त्यांच्यातल्या कोणाची बहीण रुसलेली नाही. टेप पुन्हा तळघरात जाईल. उंटाने फोन करून विचारलं, "बहिणीचा पुळका आता आला होय?" मी हो म्हटलं. आणखी काय म्हणणार, आता आला हे खरंच आहे. मुनीनेही आपला होकार परत घेतला असं बाईकडून कळलं. त्याने मान उलट्या दिशेने हलवली असणार.

तेव्हा अल्बम काही निघत नाही. हे तुझ्यावर उपकार म्हणून सांगत नाही. तसं वाटलं तर हे पत्र फाड. वाईट वाटलं मला, खोटं कशाला सांगू? ज्या दिवशी नकार आला त्या दिवशी मी क्लासला गेलो आणि तीच धून पुन्हा पहिल्यापासून ऐकली. अजून काही वर्षं ऐकावी लागेल. कंबर म्हणते नको, पण तिला कोण विचारतो.

क्लासमध्ये मोठी मुलं गाणाऱ्याला साथ करायला शिकतात. त्यांना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगतो. कीबोर्डला हात लावायच्या आधी गाणाऱ्याला त्याची पट्टी विचारायची. तो सांगेल ती धरायची. स्वतःला सोयीची वाटते ती नाही, रेकॉर्डवर असते ती नाही. एक मुलगा परवा न विचारता वाजवायला लागला आणि मी त्याच्यावर इतका ओरडलो की खालचं पत्रा कापणं थांबलं. मुलगा रडवेला झाला. मला त्याची क्षमा मागावी लागली. ओरडणं त्याच्यासाठी नव्हतं.

सगळ्या दौऱ्यात, इतक्या गावांत, तुला हे मी एकदाही विचारलं नाही. आपल्या घरी, मी लहान असताना, तू मला मांडीवर घेऊन सूर शिकवलेस, तेव्हापासून आजपर्यंत कधीही विचारलं नाही. मला वाटायचं, मला माहीतच आहे. टेपवरून त्या मुलीने शोधून काढलं ते तेव्हाचं, आणि तेही दिव्याला विचारून.

म्हणून आता विचारतो. माफी मागतो तीही यातच धर, वेगळी मागायला गेलो तर पुन्हा काहीतरी भलतंच लिहीन.

ताई, तुझी पट्टी कोणती?

बारक्या


१४ एप्रिल

बारक्या,

पूर्वी काळी चार होती. आता पांढरी पाच असेल, नाहीतर त्याच्याही खाली. बरीच वर्षं बघितलेलं नाही.

मंगळवारी तलाव बंद असतो. तेव्हा ये. कीबोर्ड लहानसाच आण, माझा जिना अरुंद आहे आणि तुझी कंबर मी उचलणार नाही. मुनीला यायचं असेल तर येऊ दे.

मी सुरुवात केल्याशिवाय वाजवायला लागायचं नाही.

ताई